आभासी विभागाला खरंच किती सीपीयू मिळतोय, बघायचं कसं? (एआयएक्स, एलपार)

काटाघर

नमस्कार मंडळी.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या संगणक विभागात आहे. सर्व्हर आयबीएमचा पॉवर८, ८ कोअर, एआयएक्स (आयबीएमचं युनिक्स). त्यावर तीन एलपार (एकाच मशीनमधले आभासी सर्व्हर) आहेत : एक डेटाबेसचा (ऊसनोंद, वजनकाटा, बिलं), एक ॲप्लिकेशनचा, एक टेस्टचा. शिवाय दोन व्हायोस (बाकीच्यांना डिस्क आणि नेटवर्क पुरवणारे विभाग). हे सगळं ज्यांनी उभं केलं ते आमचे साहेब मे महिन्यात निवृत्त झाले. लिहून ठेवलेलं काहीच नाही. एचएमसीत (सगळे विभाग सांभाळायचा कन्सोल) मला जाता येतं, पण हात लावायला भीती वाटते.

अडचण पंधरवड्याच्या ऊस बिलाची आहे. मागच्या हंगामात रात्री १० ला लावलेलं बिल १ पर्यंत निघायचं. यंदा दुसरंच बिल पहाटे ५ ला निघालं. ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे हा कायदा आहे, त्यामुळे बिल लांबलं की पुढचं सगळं लांबतं. त्याहून वाईट म्हणजे बिल चालू असताना काट्यावरची पावती निघायला पाऊण मिनिट लागतं. परवा रात्री २ ला मी स्वतः काट्यावर जाऊन उभा राहिलो. दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर पार गेटच्या बाहेर रस्त्यापर्यंत. एक म्हातारे गृहस्थ घोंगडं पांघरून ट्रॉलीवर बसलेले. मला म्हणाले, "पोरा, ऊस वाळाय लागला की." वाळलेल्या उसाचं वजन घटतं आणि ते घटतं शेतकऱ्याचं. तेव्हापासून झोप नाही.

टोपास (सीपीयूचा वापर दाखवणारी आज्ञा) लावलं की सीपीयू ९६-९७ टक्के. चार सीपीयू दिसतात, चारही भरलेले. सॉफ्टवेअर देणारे म्हणतात, नवा सर्व्हर घ्या. संचालक मंडळापुढे जायच्या आधी मला दोन गोष्टी कळायला हव्यात. ८ पैकी चार कोअर डेटाबेसला दिलेत असं दिसतंय, मग बाकीचे चार कुठे आहेत? आणि काटा २४ तास चालू असताना, मशीन बंद न करता ते इकडे वळवता येतात का?

(आज्ञा देवनागरीत लिहितोय, उच्चाराप्रमाणे. इथल्यांना कळतीलच.)

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

दादा, आधी पार्टिशन भरलंय का बघा. डीएफ -जी मारा. ९५ टक्क्यांच्या वर गेलं असेल तर सीएचएफएस नं दोन-चार जीबी वाढवा. आमच्याकडे असंच झालं होतं.

जुना_युनिक्सवाला

शाहूपुरीकर, तुमचा सल्ला चुकीचा नाही, पण ते पार्टिशन वेगळं. एआयएक्समध्ये हा शब्द तीन ठिकाणी येतो आणि नव्या माणसाचा घोळ होतो. डिस्कचे सारख्या मापाचे तुकडे पाडतात तो फिजिकल पार्टिशन, पीपी. लॉजिकल व्हॉल्यूमच्या हिशेबात त्याला लॉजिकल पार्टिशन म्हणतात, एलपी. एका एलपीला एक ते तीन पीपी, म्हणजे तेवढ्या प्रती. हे सगळं डिस्कवरचं. काटाघर विचारताहेत ते एलपार : एकाच मशीनचे सीपीयू, मेमरी आणि अडॅप्टर वाटून केलेले स्वतंत्र सर्व्हर. प्रत्येकाचा कर्नल वेगळा, एक पडला तरी शेजारी चालू.

मेनफ्रेमवर ही वाटणी १९८८ पासून आहे. युनिक्सच्या पॉवर मशीनवर ती २००१ मध्ये पी६९० बरोबर आली. तेव्हा अख्खे प्रोसेसर वाटावे लागत. २००४ च्या पॉवर५ पासून एका प्रोसेसरचा दहावा भागसुद्धा देता येऊ लागला आणि पॉवर७+ पासून विसावा. तुमचं कोडं ह्या बारीक वाटणीतच असणार असं मला वाटतंय.

काटाघर, पहिली गोष्ट, टोपासमधले चार सीपीयू म्हणजे चार कोअर नव्हेत. पॉवर८ वर एआयएक्स सहसा एसएमटी-४ वर चालतं. एका आभासी प्रोसेसरचे चार धागे होतात आणि ते चार सीपीयू म्हणून दिसतात. त्यामुळे तुमच्याकडे एकच आभासी प्रोसेसर असण्याची दाट शक्यता आहे.

दोन गोष्टी करा. एलपारस्टॅट -आय चं सगळं इथे टाका. आणि बिल चालू असताना एलपारस्टॅट ५ १२ लावा, म्हणजे दर पाच सेकंदांनी बारा वेळा. त्यातले फिजसी (प्रत्यक्ष वापरलेले कोअर) आणि एंटसी (ते हक्काच्या किती टक्के) हे दोन रकाने मला हवेत. टक्क्यांकडे आत्ता बघू नका. आतून दिसणारे टक्के कशाचे टक्के आहेत हे कळल्याशिवाय त्यांना अर्थ नाही.

उद्यमनगरी

मी एका फाउंड्रीत एचपी-यूएक्स (एचपीचं युनिक्स) सांभाळलंय, व्हीपारवर (तिथले एलपारसारखे विभाग). तिथे व्हीपारस्टेटस मारलं की सगळे विभाग आणि त्यांची अवस्था एका नजरेत : अप, डाउन, बूट, क्रॅश, हंग. व्हीपारस्टेटस -ए नं कुणालाच न दिलेलं काय शिल्लक आहे तेही दिसायचं. "बाकीचे चार कुठे" ह्या प्रश्नाला तिथे एका आज्ञेत उत्तर होतं. एआयएक्समध्ये आतून असं शेजारचं दिसतं का?

जुना_युनिक्सवाला

आतून शेजारचं दिसत नाही, आणि दिसू नये म्हणूनच वाटणी केलेली असते. सगळ्यांचा हिशेब एचएमसीवर. तिथे एलएसएचडब्ल्यूआरईएस -आर प्रॉक, सोबत --लेव्हल एलपार. प्रत्येकाचे चालू युनिट, आभासी प्रोसेसर, मोड, वजन, सगळं येतं. काटाघर, हीसुद्धा यादी टाका. ह्या आज्ञा फक्त वाचतात, बदलत काही नाहीत, निर्धास्त मारा.

काटाघर

काल रात्री बिलाची चाचणी लावून घेतलं. एलपारस्टॅट -आय मधलं महत्त्वाचं :

प्रकार : शेअर्ड, एसएमटी-४
मोड : अनकॅप्ड
एंटायटल्ड कपॅसिटी : १.००
चालू आभासी सीपीयू : १
कमाल आभासी सीपीयू : २
किमान कपॅसिटी : ०.५०
कमाल कपॅसिटी : २.००
वजन : १२८
मेमरी : २४५७६ एमबी

बिल चालू असताना : यूजर ८१, सिस १५, वेट १, आयडल ३, फिजसी १.००, एंटसी ९९.८. बाराच्या बारा ओळी जवळपास अशाच.

एचएमसीवरून : ॲप्लिकेशन १.०, टेस्ट २.०, दोन्ही व्हायोस ०.५ - ०.५. म्हणजे डेटाबेस धरून बेरीज ५.०. मग ३ कोअर कुणालाच दिलेले नाहीत? टेस्टला २ आणि काट्याला १, हे बघून मला खरंच वाईट वाटलं. टेस्टचे काढून इकडे घ्यायचे का?

जुना_युनिक्सवाला

सापडलं. नीट सांगतो, कारण ही चूक मी बऱ्याच ठिकाणी बघितलीय आणि तिच्यापायी लोकांनी नवी मशीन विकत घेतलीत.

एका विहिरीवर चार भाऊ आहेत असं धरा. पाणी पाळीनं. थोरल्याची पाळी चार तास, धाकट्याची दोन. हे पाळीचे तास म्हणजे एंटायटलमेंट. तेवढं पाणी हक्काचं, मागितलं की मिळणारच. पॉवरमध्ये ही पाळी दर १० मिलिसेकंदांनी फिरते. ०.५ युनिट असेल तर त्यातले ५ मिलिसेकंद तुमचे.

आता एखाद्या भावाचं रान भिजलेलं आहे, त्यानं पाळी सोडली. ते पाणी विहिरीत पडून राहतं. ज्याचा एलपार अनकॅप्ड आहे त्याला ते उचलायची मुभा. कॅप्ड असेल त्याला नाही, विहीर भरलेली असली तरी. दोघांना एकदमच जादा हवं असेल तर वजन बघतात, ० ते २५५ पर्यंत, नेमलेलं नसेल तर १२८. ज्याचं वजन जास्त त्याला वाटा जास्त. वजन ० म्हणजे नावाला अनकॅप्ड, प्रत्यक्षात कॅप्ड.

तुमची मेख पुढे आहे. आभासी प्रोसेसर म्हणजे विहिरीत सोडलेले पाईप. एका पाईपमधून एका वेळी जास्तीत जास्त एका कोअरएवढं पाणी येतं. तुमचा एलपार अनकॅप्ड आहे, विहिरीत तीन कोअर तुडुंब आहेत, पण पाईप एक. फिजसी १.०० वर खिळलाय तो ह्याच्यामुळे. सबंध मिनिटभर १.०० च्या पुढे एकदाही गेला नाही, हीच खूण. काम कमी असतं तर तो खालीवर नाचला असता.

टेस्टचे २.० काढायची घाई करू नका. शेअर्डमध्ये टेस्ट रिकामा बसला की त्याची पाळी आपोआप विहिरीत परत येते. त्याला डेडिकेटेड (फक्त त्याच्यासाठी राखून) दिले असते तर गोष्ट वेगळी. आणि कुणालाच न दिलेले ३ कोअरसुद्धा त्याच सामाईक पूलमध्ये, म्हणजे विहिरीत, आहेत. तुम्हाला फक्त पाईप वाढवायचाय.

एक रकाना तुमच्याकडे आलेला नाही, ॲप नावाचा. पूलमध्ये या क्षणी किती रिकामं आहे ते त्यात कळतं. एचएमसीवर त्या एलपारच्या गुणधर्मांत कामगिरीची माहिती गोळा करू देण्याची खूण असते, ती केली की येईल.

नवशिक्या_कोपू

सर, पाईपचं उदाहरण लई भारी. पण मग सरळ ८ आभासी प्रोसेसर देऊन टाकले तर? अनकॅप्ड आहेच की.

जुना_युनिक्सवाला

देता येतील, पण देऊ नयेत. प्रत्येक आभासी प्रोसेसरमागे किमान युनिट लागतं. पॉवर७+ च्या आधी ०.१, नंतर ०.०५. तेवढं असलं की यंत्र अडवणार नाही. पण १.० ची पाळी आठ पाईपांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला थेंब थेंब येतो, आणि गर्दी झाली की काम एका कोअरवरून दुसऱ्यावर उड्या मारत राहतं, कॅश (प्रोसेसरजवळची झटपट मेमरी) थंड पडतो. एआयएक्स न लागणारे पाईप स्वतःच मिटून ठेवतं, त्यामुळे एखादा जास्त असला तर बिघडत नाही. गरजेपेक्षा एक जास्त द्या, पाच नको.

राधानगरीचं_पाणी

काटाघर, तुम्ही बदल करायच्या आधी एक सांगते, कारण माझ्या हातून घडलेलं आहे. आमच्या संस्थेचं नाव लिहीत नाही.

आमच्याकडेही दोन व्हायोस. प्रत्येक एलपारला डिस्क दोन्हीकडून दिसते, एक पडला तर दुसऱ्यावरून चालतं. एका रविवारी दोन्ही व्हायोसना अपडेट होतं. पहिला बंद केला, अपडेट केला, चालू केला. वर आला, पिंग लागला. वीस मिनिटं थांबले सुद्धा. मग दुसरा बंद केला. आणि सगळे एलपार जागच्या जागी गोठले. लॉगिन होईना, कन्सोलवर अक्षर उमटेना. सोमवारी सकाळी साडेनऊला शाखा उघडल्या तेव्हा मी रात्रीपासून तिथेच उभी होते.

कारण असं. पहिला व्हायोस वर आला होता, पण एलपारच्या बाजूनं त्याची वाट "फेल्ड" होती ती "फेल्ड"च राहिली. व्हायोसकडून आलेल्या डिस्कला एचचेक इंटरव्हल ही किंमत मुळात ० असते, म्हणजे तुटलेली वाट जोडली गेली का हे एआयएक्स परत बघतच नाही. मी दुसरी वाट माझ्या हातानं काढली आणि एलपारला डिस्कच उरली नाही.

तेव्हापासून माझा नियम : प्रत्येक एलपारवर एलएसपाथ मारायचा. सगळ्या ओळींत "एनेबल्ड" दिसल्याशिवाय दुसऱ्या व्हायोसच्या वाटेला जायचं नाही. आणि प्रत्येक डिस्कवर सीएचडेव्ह नं एचचेक इंटरव्हल ६० केलाय. डिस्क वापरात असेल तर -पी लावून करायचं आणि पुढच्या रीबूटला लागू होतं.

तुम्ही आत्ता व्हायोसला हात लावत नाही आहात, कबूल. पण जुनं मशीन आहे, आधीच्या माणसानं काय करून ठेवलंय माहीत नाही. आज एकदा एलएसपाथ बघाच.

काटाघर

ताई, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. आत्ता बघितलं. डेटाबेसच्या एलपारवर दोन डिस्कच्या चार वाटा, त्यातल्या दोन फेल्ड. दोन्ही पहिल्या व्हायोसकडच्या. कधीपासून, देव जाणे. म्हणजे सबंध गाळप एका वाटेवर चाललं होतं.

राधानगरीचं_पाणी

घाबरू नका. आधी व्हायोसवर पॅडमिन म्हणून जाऊन एलएसमॅप -ऑल बघा, त्या एलपारच्या व्हीहोस्टखाली (व्हायोसवरचं आभासी डिस्क अडॅप्टर) दोन्ही डिस्क अजून जोडलेल्या आहेत ना. असतील तर एलपारवर सीएचपाथ नं ती वाट एनेबल करा. चालू मशीनवर चालतं, मी केलंय. नसतील तर थांबा आणि इथे लिहा.

काटाघर

जोडलेल्या होत्या. सीएचपाथ केलं. चारही एनेबल्ड.

मग एचएमसीवरून एक आभासी प्रोसेसर वाढवायला गेलो तर अडकलो. चूक येते : एचएससीएल२९५७, एलपार आणि एचएमसी यांच्यात आरएमसीचा (दोघांनी एकमेकांशी बोलायचा दुवा) संबंध नाही म्हणून. एलएसपार्टिशन -डीएलपार मध्ये डेटाबेसच्या ओळीत ॲक्टिव्ह ०. बाकी सगळे १.

उद्यमनगरी

मध्ये फायरवॉल बदलली का हो कुणी?

काटाघर

हो! ऑगस्टमध्ये नवी बसवली. डेटाबेसचा नेटवर्कचा पट्टा वेगळा केला तेव्हाच.

जुना_युनिक्सवाला

उद्यमनगरींनी नेमकं बोट ठेवलं. आरएमसीला पोर्ट ६५७ लागतं, टीसीपी आणि यूडीपी दोन्ही, आणि दोन्ही दिशांना. लोक टीसीपी उघडतात आणि यूडीपी विसरतात. ते उघडून घ्या. मग एलपारवर आरएमसीसीटीआरएल आधी -झेड, मग -ए (कॅपिटल), मग -पी. म्हणजे थांबवा, चालू करा, बाहेरच्यांना येऊ द्या. पाच-सात मिनिटं द्या. डेटाबेसला ह्याचा धक्का लागत नाही.

शोधताना कुठेतरी आरईसीएफजीसीटी नावाची आज्ञा सुचवलेली सापडेल. ती मारू नका. ती नोडची ओळखच नव्यानं बनवते, आणि मशीन क्लस्टरमध्ये असेल तर क्लस्टर मोडतो. आधी ६५७, मग आरएमसीसीटीआरएल. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा इथेच काम होतं.

नवशिक्या_कोपू

थोडं विषयांतर. माझ्याकडे पॉवर सर्व्हर कुठला असणार? घरच्या पीसीवर हे शिकता येईल का?

उद्यमनगरी

भावा, हुबेहूब नाही, पण विचार शिकता येतो. फ्रीबीएसडी टाक, त्यात २००० सालापासून जेल (एकमेकांपासून वेगळे कप्पे) आहेत. जेएलएस नं यादी बघ, आरसीटीएल नं प्रत्येकाला सीपीयू-मेमरीची मर्यादा घाल, आणि मग मर्यादा घातलेल्या जेलच्या आतून टॉप काय दाखवतं आणि बाहेरून काय दिसतं ह्यातला फरक वहीत लिही. सोलारिसचे झोन २००५ चे, तिथे झोनॲडएम लिस्ट -सीव्ही. फक्त एक ध्यानात ठेव, जेल आणि झोन सगळे एकाच कर्नलवर. एलपार आणि व्हीपारमध्ये प्रत्येकाचा कर्नल वेगळा.

माझ्या व्हीपारचं तुला शिकून आता उपयोग नाही. त्याच्या इटॅनियम प्रोसेसरची शेवटची खेप जुलै २०२१ मध्ये गेली आणि एचपी-यूएक्सचा नेहमीचा आधार २०२५ च्या डिसेंबरअखेर संपला. सोळा वर्षं त्या मशीनपुढे बसलो मी. बंद केली त्या दिवशी फुलं वाहिली होती.

काटाघर

मंडळी, काल रात्रीचं सांगतो.

६५७ उघडून घेतलं. यूडीपीच बंद होतं. आरएमसीसीटीआरएल तिन्ही केलं. सहाव्या मिनिटाला ॲक्टिव्ह १.

रात्री ११:२० ला, बिल चालू असतानाच, एचएमसीवर सीएचएचडब्ल्यूआरईएस नं एक आभासी प्रोसेसर वाढवला. मग युनिट ०.५ नं वाढवून १.५ केले. एका खिडकीत एलपारस्टॅट चालू ठेवलं होतं. आज्ञा मारल्यावर काही सेकंद तेच १.००, १.००. मग १.३४. मग १.७१. मग १.८७, एंटसी १२४.७. टोपासमध्ये चाराचे आठ सीपीयू झाले. काट्यावर फोन लावला तर पलीकडून आवाज, "पावती लगेच येतीया साहेब, काय केलं?"

बिल १:५० ला निघालं. मशीन एक सेकंदही बंद नाही. नवा सर्व्हर नाही, एक रुपया नाही.

मी खाली जाऊन काट्यापाशी उभा राहिलो. रांग गेटच्या आत आली होती.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

अभिनंदन दादा! पण एक शंका. एंटसी १२४ टक्के म्हणजे मर्यादेच्या वर गेलं ना? धोका नाही का?

जुना_युनिक्सवाला

शंका रास्त आहे. अनकॅप्डला १०० च्या वर जाणं म्हणजे हक्काच्या पाळीपेक्षा जास्त पाणी मिळतंय एवढंच. आज मिळतंय कारण शेजारी निजलेत. पण रोज रात्री जर १२४ लागत असेल तर ती उसनवारी झाली. उद्या ॲप्लिकेशनलाही काम आलं आणि पूल आटला तर तुम्हाला १.५ च मिळणार. म्हणून नेहमीची गरज हक्कात धरावी आणि अधूनमधूनची उसळी तेवढी उसनी घ्यावी.

टक्क्यांचा गोंधळही इथेच आहे. हक्काच्या आत असताना यूजर-सिसचे टक्के हक्काच्या तुलनेत असतात. हक्काच्या वर गेलात की ते प्रत्यक्ष वापरलेल्या सीपीयूच्या तुलनेत होतात. त्यामुळे ९६ टक्के हा आकडा १.० वरही दिसेल आणि १.९ वरही. टोपासनं तुम्हाला खोटं सांगितलं नव्हतं, पण मापाचा शेर बदलत होता.

आणि वेटचा (डिस्कची वाट बघण्याचा) रकाना मोठा आला असता तर मी सीपीयू वाढवायला सांगितलंच नसतं, डिस्क बघायला सांगितलं असतं.

काटाघर, अजून एक काम राहिलंय आणि ते आजच करा. तुम्ही केलेला बदल चालू मशीनवर आहे. प्रोफाइलमध्ये (एलपार चालू होताना वापरायची साठवलेली मांडणी) जुनेच १ आणि १.० असतील. पुढे कधी एलपार बंद करून प्रोफाइलवरून चालू केलात तर तो जुन्यावर जाईल आणि तुम्ही परत पहिल्यापासून डोकं धरून बसाल. एचएमसीवर चालू अवस्था प्रोफाइलमध्ये साठवायची सोय आहे, ती वापरा. नव्या एचएमसीत बदल आपोआप प्रोफाइलमध्ये जातील अशी खूणही असते, ती केलीय का तपासा.

काटाघर

बघितलं. खूण नव्हती. प्रोफाइलमध्ये खरंच १ आणि १.० होतं. साठवलं, खूणही केली.

आता कमाल २ आहे, म्हणजे तिसरा आभासी प्रोसेसर द्यायचा झाला तर?

जुना_युनिक्सवाला

किमान आणि कमाल ह्या दोन भिंती. चालू मशीनवर त्यांच्या आतच फिरता येतं. भिंत हलवायची तर प्रोफाइल बदलून एलपार पूर्ण बंद करून त्या प्रोफाइलवरून परत चालू करावा लागतो. आतून नुसता रीबूट केला तर भिंत हलत नाही. ह्यात खूप लोक फसतात, रीबूट करतात आणि म्हणतात बदल लागू झाला नाही.

मिलच्या साफसफाईला गाळप थांबतं तेव्हा करा. कमाल आभासी ४, कमाल युनिट ४.० पुरे. मेमरीची कमाल मात्र उगाच चढवून ठेवू नका. हायपरव्हायजर (ही वाटणी करणारा मशीनमधला तळाचा प्रोग्राम) त्या कमालीच्या प्रमाणात स्वतःसाठी मेमरी अडकवून ठेवतो, तुम्ही वापरा न वापरा. आणि किमान युनिट बेतानं. किमान एवढंही शिल्लक नसेल तर एलपार उठतच नाही.

डेटाबेसचा परवाना कोअरवर मोजलेला असेल तर कमाल वाढवायच्या आधी तो कागदही काढून वाचा. अनकॅप्ड एलपारचा हिशेब कसा धरलाय ते त्यात असतं.

राधानगरीचं_पाणी

आणि हे सगळं मशीनच्या बाहेर जपून ठेवा. एचएमसीवर बीकेप्रॉफडेटा नं सगळ्या एलपारचे प्रोफाइल एका फायलीत येतात. व्हायोसवर व्हीआयओएसबीआर -बॅकअप, ते रोजचं लावता येतं. दोन्ही फायली एचएमसीवरच ठेवल्या तर पेटीबरोबर त्याही जातील. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली होता, तेव्हा आम्हाला आमच्याच सर्व्हर रूममध्ये जाता येत नव्हतं. खालच्या मजल्यावर पाणी, वर मशीन बंद, आणि प्रोफाइलची एकमेव प्रत त्याच खोलीतल्या एचएमसीत. २०२१ ला परत पूर आला तोवर आमची प्रत दुसऱ्या गावी, उंचावर जाऊन बसली होती.

इशारेसुद्धा दोन लावा. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ ला धोका पातळी असते ना, तसंच. आमच्याकडे एंटसी सलग पंधरा मिनिटं १०० च्या वर राहिला की मेल येतो. फिजसी आभासी प्रोसेसरच्या संख्येला जाऊन टेकला की फोन वाजतो. तुमच्या बाबतीत हा दुसरा इशारा असता तर नोव्हेंबरच्या पहिल्याच बिलाला कळलं असतं.

काटाघर

ताई, दोन्ही करतो. इशाऱ्याची स्क्रिप्ट आज संध्याकाळी लिहायला घेतो, इथे टाकीन, चुका काढा.

बीकेप्रॉफडेटाची फाईल घेतली. शिवाय एक साधी वही केलीय. पहिल्या पानावर पाच विभागांची नावं, प्रत्येकापुढे युनिट, आभासी प्रोसेसर, किमान, कमाल, वजन, मेमरी, कुठल्या व्हायोसच्या कुठल्या व्हीहोस्टवर डिस्क आहेत ते, आणि खाली तारीख. दुसऱ्या पानावर ६५७. वही सर्व्हर रूमच्या दाराला दोरीनं बांधलीय.

नवशिक्या_कोपू

काटाघर दादा, साफसफाईच्या दिवशी कमाल बदलाल तेव्हा मी येऊन बघू का? नुसता मागे उभा राहीन.

काटाघर

ये की. तारीख कळली की व्यनि करतो. कॉलेजचं ओळखपत्र तेवढं आण, गेटवर लागतं.